खिडकी नसलेलं बाथरूम: इनलाइन फॅन लावूनही वाफ जात नाही

प्रश्न – कोपऱ्यातला_फ्लॅट
बाथरूम ५ × ७ फूट, उंची ९ फूट. फॉल्स सीलिंगच्या वर १०० मिमीचा मिक्स्ड-फ्लो इनलाइन फॅन (डक्टच्या, म्हणजे हवेच्या नळीच्या, मध्येच बसणारा पंखा), खोक्यावर १८० घनमीटर/तास. सीलिंगमधल्या जाळीपासून इमारतीच्या शाफ्टपर्यंत ५ मीटर अ‍ॅल्युमिनियमचा फ्लेक्झिबल डक्ट, तीन वळणं. आवाज भरपूर, पण आरसा अर्धा तास धुरकट. पंखा बंद असला की शाफ्टमधला वास आत येतो. १५० मिमीचा पंखा घ्यावा का?

घनफूट
पंखा बदलू नका, पुरेसा आहे. खोली ३१५ घनफूट, म्हणजे जवळपास ९ घनमीटर. तासाला १० वेळा हवा बदलायची तर ९० घनमीटर लागते. खोक्यावरचे १८० म्हणजे डक्ट न जोडता, मोकळ्या हवेत. त्यातले निम्मे पोचले तरी भागतं. तुमच्याकडे तेवढेही पोचत नसावेत.

आधी दार बघा. पंखा चालू, दार घट्ट बंद, जाळीला टिश्यू पेपर लावा. गळून पडला आणि दार किलकिलं करताच चिकटला, तर हवा आत यायला वाट नाही. १०० मिमी डक्टचं तोंड ७८ चौरस सेंमी असतं. ७५ सेंमी रुंद दाराखाली २ सेंमी फट ठेवली की १५० मिळतात.

मग डक्ट. न ताणलेल्या फ्लेक्झिबलच्या वळ्या हवा अडवतात. सरळ भागात ११० मिमीचा पीव्हीसी एसडब्ल्यूआर (सांडपाण्यासाठी वापरतात तो) पाईप टाका, फ्लेक्झिबल फक्त पंख्याच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर, पूर्ण ताणून. काटकोनी एल्बोऐवजी ४५ अंशांचे दोन. सीलिंगवर जागा असेल तर रिड्यूसर (दोन मापं जोडणारा तुकडा) लावून डक्ट १५० मिमीचा करा, पंखा तोच ठेवा: तेवढ्याच हवेला घर्षण साधारण सातपट कमी.

झडपवाला
वासाचं कारण सरळ आहे, झडप नाही. शाफ्टच्या तोंडाशी स्प्रिंगची बटरफ्लाय झडप बसवा, ती हवा फक्त बाहेर जाऊ देते. बाण हवेच्या दिशेने आणि दोन पाकळ्यांची मधली काडी उभी हवी. आडवी बसली की वरची पाकळी वजनाने उघडी राहते.

पंखा जाळीपाशी असेल तर शाफ्टच्या बाजूला सरकवा. मग बहुतेक डक्ट ओढीखाली राहतो आणि सांधा सुटला तर सीलिंगवरची कोरडी हवा आत ओढली जाते. उलट केलंत तर वाफ पीओपीवर फेकली जाते, डाग तिथूनच सुरू होतात. पंख्यापुढच्या पाईपला शाफ्टकडे मीटरला १ सेंमी उतार द्या, नाहीतर साचलेलं पाणी मोटरवर उतरतं.

तारयंत्री
आवाजाचं: पंखा पीओपीच्या चॅनलला नको, स्लॅबला रॉडने टांगा, मध्ये रबर. पंख्यापासून वळणापर्यंत निदान ३० सेंमी सरळ पाईप. दिवा बंद झाल्यावर १५ मिनिटं चालेल असा टायमर घ्या. वाफ बहुतेक आंघोळीनंतरच काढायची असते. ईसी मोटर (आतच इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेली) असेल तर छतपंख्याचा रेग्युलेटर जोडू नका. पंख्याखाली सीलिंगमध्ये ट्रॅपडोअर ठेवलाच पाहिजे, कपॅसिटर गेला तर पीओपी फोडणार का?

आणि गॅस गिझर आत असेल तर तो आधी बाहेर काढा. कार्बन मोनॉक्साइडवर पंखा हा उपाय नाही.

कोपऱ्यातला_फ्लॅट
गिझर विजेचा आहे. टिश्यू गळून पडला, दार उघडताच चिकटला! फ्लश डोअर खालून कापू का?

घनफूट
खालची लाकडी पट्टी किती रुंद आहे ते आधी पाहा. तिच्या आतच कापा आणि कापलेल्या कडेला त्याच दिवशी प्रायमर व ऑइल पेंटचे दोन हात द्या, नाहीतर पावसाळ्यात प्लाय फुगतो. पट्टी अरुंद असेल तर दाराच्या खालच्या भागात लुव्हरची (तिरक्या पट्ट्यांची) जाळी बसवा. पट्ट्यांमधली मोकळी जागा मोजून घ्या, चौकटीचं माप धरू नका.