डिचोली–चोर्ला–बेळगाव–आंबोली–डिचोली : पन्नाशीतले दोघे, त्यातली एक सायकल म्हातारी. सल्ला हवा

काटेवाला

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचतो, लिहितोय पहिल्यांदाच.

मी गोव्यातल्या डिचोलीचा, वय ५१. एका खाणीच्या वजनकाट्यावर कामाला होतो. २०१२ साली खाणी बंद पडल्या, मग थोड्या चालू झाल्या, २०१८ साली पुन्हा बंद. दुसऱ्या खेपेला मी वाट बघायचं सोडलं आणि स्टेशनरीचं दुकान टाकलं. गल्ल्यावर बसून बसून पोट सुटलं, डॉक्टरांनी साखरेचा आकडा पुढ्यात ठेवला, आणि दीड वर्षापूर्वी सायकल घेतली. आता रविवारी ५०-६० किलोमीटर सहज होतात, पण सगळे सपाटीवरचे. घाट एकही नाही.

माझा शाळेपासूनचा एक दोस्त आहे, त्याची गणपतीची चित्रशाळा आहे. पाऊस लागला की चवथ होईपर्यंत तो मातीत, घरच्यांनाही भेटत नाही. चवथ झाली की मोकळा. परवा दुकानाच्या पायरीवर बसून चहा पिताना म्हणाला, चोर्ला घाटाने चढून आंबोली घाटाने उतरलो तर? मी हसलो. तो म्हणाला, "हसता कित्याक? वचूंया मरे." (हसतोस कशाला? जाऊया रे.) झालं, ठरलं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तीन दिवस. पहिल्या दिवशी साखळी, केरी, चोर्ला, कणकुंबी, जांबोटी करून बेळगाव; ऐंशी-पंचाऐंशी किलोमीटर होतील. दुसऱ्या दिवशी शिनोळी, पाटणे फाट्यावरून आंबोली. तिसऱ्या दिवशी घाट उतरून सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग आणि घर.

अडचण त्याच्या सायकलीची. माझी नवी, हलकी, पेडलपाशी पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या चकत्या, मागच्या चाकावर ११ ते २८ च्या. त्याची पंधरा वर्षांची लोखंडी, जाड टायरची, कॅरियरसकट १७ किलो भरली (वजन करायची सवय जात नाही). पुढे तीन चकत्या, सगळ्यांत लहान २४ दात्यांची, मागे सगळ्यांत मोठी २८ ची. भाड्याने चांगली आणूया म्हटलं तर ऐकत नाही. मग या माणसाला घाटातून ओढून न्यायचं कसं? मी पुढे राहून त्याची वाट बघत जाऊ की मागे राहू? आणि फेरी याच दिशेने करावी की उलटी?

मंद_पेडल

कोण कोणाला ओढणार ते आधी बघूया. काट्यावरचे आहात, हिशेब तुम्हाला समजेल.

तुमचा सगळ्यांत हलका गिअर ३४ ला २८. म्हणजे पेडलच्या एका फेरीत चाक सव्वा वेळा फिरणार, सायकल अडीच मीटर पुढे. मिनिटाला ६० फेऱ्या मारायच्या तर ताशी ९ किलोमीटरच्या वर वेग ठेवावाच लागेल. दोस्ताचा २४ ला २८. एका फेरीत पावणेदोन मीटर. तेवढ्याच फेऱ्यांत तो ताशी सव्वासहाने आरामात चढेल. तुम्हाला तेवढं हळू जायचं असेल तर मिनिटाला चाळीस फेऱ्या, प्रत्येक फेरी गुडघ्यावर. लोखंड जड आहे हे खरं. पण माणूस-सायकल-सामान मिळून ९० किलो धरलं तर ५ किलो जास्त म्हणजे साडेपाच टक्के. दोन तासांच्या चढात सहा-सात मिनिटं. तेवढ्यात तुमची एक लघवी होते.

तेव्हा त्याची सायकल बदलू नका, तुमचा मागचा कॅसेट (मागच्या चाकावरच्या चकत्यांचा संच) बदला. ३२ किंवा ३४. मात्र डेरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर टाकतो तो भाग) तेवढा सोसतो का ते आधी विचारा, आणि चेन लांब लागेल तर तीही नवी घ्या.

उसगावकर

अनमोड घाटाने का नाही? रस्ता रुंद आहे.

मंद_पेडल

रुंद आहे म्हणून ट्रकही सगळे तिथूनच. चढावर मागून ट्रक पहिल्या गिअरमध्ये घुरघुरत आला की सायकलवाल्याने गटारात जायचं, आणि वर त्याचा धूर खायचा. मी एकदा गेलो, पुरे झालं.

टिळकवाडीची

मी बेळगावची. चोर्ला दोन्ही बाजूंनी केलाय, आंबोली चारदा. दिशा बरोबर निवडलीय, पण कारण समजून घ्या म्हणजे वेळ चुकणार नाही.

आपला सह्याद्री पश्चिमेला तोंड करून उभा आहे. सकाळी सूर्य डोंगराच्या पलीकडे, घाटाच्या अंगावर सावली. तीच वाट दुपारनंतर चढलात तर ऊन थेट पाठीवर, आणि डांबर खालून भाजतं ते वेगळं. म्हणून केरीत उजाडायच्या सुमाराला पोचा. आजोबाच्या देवळापाशी सायकलीचा दिवा विझवता आला पाहिजे, असा हिशेब ठेवा. पुढे अंजुण्याचं धरण दिसायला लागतं आणि चढ हळूहळू पाय धरतो. सात-आठशे मीटर उंची गाठायची आहे, पण भिंतीसारखा चढ नाही, लांबवर पसरलेला आहे. केरी सोडलं की कणकुंबीपर्यंत दुकानावर भरवसा ठेवू नका. माणशी दोन बाटल्या पाणी आणि खायला काहीतरी खारट.

कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम आहे, तिथे जरूर थांबा. तुम्ही वाळवंटी नदीच्या काठाने आलेले असता, ते पाणी मांडवीतून अरबी समुद्रात जातं. हे मात्र पूर्वेला कृष्णेकडे. आंबोलीलाही माथ्यावर असाच हिरण्यकेशीचा उगम आहे. दोन घाट, दोन्हींच्या डोक्यावर एकेक नदी. घाट संपला आता मजा, असं मात्र कणकुंबीला म्हणू नका. तिथून बेळगावपर्यंत रस्ता वरखाली करत राहतो, हिवाळ्यात सकाळचा वारा पूर्वेकडून तोंडावर येतो, आणि लोक तिथेच मोडतात, घाटात नाही.

आता पुढे-मागे राहण्याबद्दल. चढावर एकमेकांची वाट बघत जाऊ नका. प्रत्येकाची लय वेगळी असते, दुसऱ्याच्या लयीत चढलं की दोघेही दमतात. आधीच जागा ठरवा: धरण दिसतं तिथे, सीमेवर, कणकुंबीला. पुढचा थांबेल, मागचा आला की त्याला पाणी पिऊ देईल, आणि मग निघतील. मागचा पोचल्या पोचल्या "चला" म्हणणारा मित्र मला भेटला होता, त्याच्याबरोबर मी पुन्हा गेले नाही. गवे असतात, संध्याकाळ घाटात करू नका.

आणि गोव्याहून दोन माणसं भरलेल्या पिशव्या घेऊन आली की नाक्यावर काय शोधतात ते सांगायला नको. पिशव्या उघडायला सोप्या ठेवा!

माजगावचा

सगळे चढण्याबद्दल बोलताय. चढताना कोणी मरत नाही, फार तर उतरून चालतो. सायकलींना रिम ब्रेक (चाकाची धातूची कड पकडणारे) आहेत का डिस्क (वेगळी चकती पकडणारे), हे कोणीच विचारलं नाही.

रिम असतील तर आंबोली उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवू नका. रिम तापते, ती उष्णता आतल्या ट्यूबला लागते. वळणाच्या आधी जोरात दाबा, वेग कमी झाला की पूर्ण सोडा, हवा लागू द्या. दोन्ही ब्रेक वापरा. धबधब्यापाशी थांबाच. फोटोसाठी नाही, ब्रेक शू (रिमवर दाबला जातो तो रबरी ठोकळा) बघण्यासाठी. (तिथली माकडं पिशवीची चेन उघडतात, हात पिशवीवर ठेवा.) सकाळी धुकं असतं, रस्ता आणि रिम दोन्ही ओले; ओल्या रिमवर ब्रेक क्षणभर उशिरा धरतो. तिलारी घाटाने उतरायचा विचार डोक्यात आला तर तो मात्र काढून टाका.

काटेवाला

सगळ्यांचे आभार. दोघांचेही रिम ब्रेक आहेत. मागे ३२ चा कॅसेट बसवून घेतो. जाऊन आलो की लिहीन.

काटेवाला

जाऊन आलो. आजचा चौथा दिवस, जिना अजून उलटा उतरतोय.

टिळकवाडीच्या ताईंनी सांगितलं तसं केलं. साखळीला अंधारात भाजीपाव आणि चहा, केरीला उजाडलं. पहिले तीन-चार किलोमीटर मी पुढे होतो आणि मनात म्हणत होतो, बघा, हलकी सायकल. मग मागून टुक-टुक-टुक आवाज आला. त्याच्या एका पेडलला तो आवाज आहे, बारा वर्षं आहे. तो माझ्या बाजूला आला, "धरण पळय" (धरण बघ) म्हणाला आणि पुढे गेला. जोर नाही, घाई नाही. मूर्तीच्या पोटावरून ओला हात फिरवतो ना, तसे पाय फिरवत होता. सबंध घाटात मी तीनदा उतरलो, तो एकदाही नाही. सीमेवर पोचलो तेव्हा तो दगडावर बसून संत्रं सोलत होता, माझ्या वाटणीचं अर्धं रुमालावर ठेवलेलं. "चला" म्हणाला नाही. मंद_पेडल, तुमचा हिशेब बरोबर होता, फक्त ३४ ला २८ सोडून ३४ ला ३२ केल्यावरसुद्धा मला तो पटला नव्हता, घाटात पायांनी पटवला.

जांबोटीनंतर वारा खरोखरच तोंडावर. शेवटचे पंधरा किलोमीटर आम्ही एक शब्द बोललो नाही. बेळगावात आंघोळ, जेवण, पाव किलो कुंदा. साखरेचा आकडा त्या दिवशी मी विचारला नाही.

दुसऱ्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं काही नाही, उसाचे ट्रॅक्टर सोडून.

आता तिसरा दिवस. माजगावच्या भाऊंसाठी हे सविस्तर लिहितो. आंबोलीतून सातला निघालो, धुकं एवढं की पुढच्याचा लाल दिवा दिसतो, माणूस दिसत नाही. दोन वळणं झाली आणि त्याच्या ब्रेकमधून खर्र, खर्र असा आवाज यायला लागला, पाटीवर खडू उलटा धरल्यासारखा. मला वाटलं, आलं, म्हातारी सायकल बोलली. कठड्याला लागून थांबलो. त्याने ब्रेक शू काढून तळहातावर उलटा धरला. काळ्या रबरात चांदीसारखे दोन-तीन कण रुतलेले. रिमचंच अॅल्युमिनियम खरवडून शूमध्ये बसलेलं, आणि तेच पुन्हा रिम कापत होतं. कोरणी त्याच्या हत्यारांच्या पिशवीत असते, एरवी टायरमधला काटा काढायला. गणपतीचे डोळे आखतो तेव्हा जसा श्वास धरतो, तसा धरून त्याने एकेक कण उकरून काढला, शू रस्त्याच्या दगडावर घासला, परत लावला. दहा मिनिटं.

मग म्हणाला, "आता तुझी दाखव."

माझी कशाला, म्हटलं, महिन्याभरापूर्वी दुकानात दिलेली. तरी तो मागच्या चाकापाशी बसला आणि बराच वेळ काही बोललाच नाही. मी वाकून बघितलं. कॅसेट बसवताना चाक काढलं होतं. परत बसवताना एका बाजूचा ब्रेक शू वर सरकलेला, अर्धा रिमवर आणि अर्धा टायरवर. प्रत्येक ब्रेकला टायरची कड घासली जात होती. बोटभर लांबीची खाच पडलेली, रबर गेलेलं, आतले धागे पांढरे दिसत होते. त्यावरून मी डिचोली ते आंबोली आलो होतो, आणि अजून अख्खा घाट उतरायचा बाकी होता. चाक बसवणाऱ्यावर चिडून काय करू, निघण्याआधी वाकून बघायचं काम माझं होतं. मी पूर्ण महिनाभर याच्या सायकलीची काळजी करत होतो.

त्याने शू खाली घेऊन घट्ट केला. टूथपेस्टची जवळजवळ संपलेली ट्यूब होती, ती कापून, पुसून, खाचेच्या आतल्या बाजूला टायर आणि ट्यूबच्या मध्ये बसवली. हवा थोडी कमी भरली. उरलेला घाट तो माझ्या मागे राहिला, चाकाकडे बघत. दर दोन वळणांनी ओरडायचा, "थांब!" मी थांबायचो, तो बोटाने खाच चाचपायचा, "चल." दाणोलीपर्यंत हेच. सावंतवाडीत नवा टायर मिळाला. अंगाला पेपरमिंटचा वास घरी येईपर्यंत होता.

माजगावचा

दाणोलीला थांबून चहा घेतला नाहीत? माजगाव वाटेतच होतं, कळवायचं तरी.

काटेवाला

चुकलं भाऊ. टायर बदलेपर्यंत चहाची आठवणच नव्हती.

आणखी एक विचारायचं आहे. दोस्त आता पुढच्या चवथीनंतर तिलारी म्हणतोय. उतरायला नाही, चढायला. कोणी दोडामार्गाकडून सायकलीने तो चढ केला आहे का? त्याची चिंता नाही, त्याला २४ ची चकती आहे. मला पुढे काय लावावं लागेल ते सांगा.