मदत हवी आहे : स्कूबाचे जॅकेट कानापर्यंत चढते, नवे हार्नेस आणि इन्फ्लेटर कोणते घ्यावे?

भीमाकाठ, सोलापूर

नमस्कार. माझ्याकडे दुसऱ्याने वापरलेले, जॅकेट पद्धतीचे बीसीडी, म्हणजे हवा भरून पाण्यात तरंगणे कमीजास्त करण्याची अंगावरची पिशवी आहे. पाण्यात उतरून त्यात हवा भरली की ते वर सरकून कानांना लागते आणि पोटावरचा पट्टा बरगड्यांवर येतो. पोहताना पाय खाली जातात. शिवाय एका जागी स्थिर राहू लागलो की थोड्या वेळाने मी आपोआप वर जातो. म्हणून हे जॅकेट काढून टाकून बॅकप्लेट (पट्ट्यांच्या हार्नेसची पाठीवरची धातूची पाटी) आणि विंग (तिच्यामागची हवेची पिशवी) घेण्याचे ठरवले आहे. सोलापुरात असले सामान हाताळून पाहण्याची सोय नसल्याने ते मागवावेच लागेल. कोणती प्लेट, किती क्षमतेची विंग आणि कोणता इन्फ्लेटर (पिशवीत हवा भरण्या-सोडण्याची बटणे असलेला भाग), एवढेच कृपया सांगावे. पुढच्या आठवड्यात पुन्हा उतरायचे आहे.

जुना_पाणबुड्या

आपली उंची, वजन, जॅकेटचे माप, सूटची जाडी, सिलिंडर पोलादी की ॲल्युमिनियमचा, बुडण्यासाठी कमरेला बांधलेले शिसे किती आणि पाणी कुठले, यांपैकी एकही गोष्ट आपण लिहिलेली नाही. ती कळल्याशिवाय काहीही सुचवणे म्हणजे रोगी न पाहता औषध देणे होईल.

सरळरेषा

माहितीची वाट पाहण्याचे कारण नाही; जॅकेट विकून टाका. पोलादी प्लेट, तिच्यातून ओवलेला ५० मिलिमीटर रुंदीचा अखंड पट्टा, मांड्यांमधून येणारा क्रॉच स्ट्रॅप आणि एका सिलिंडरसाठी १३ ते १४ किलो उचलणारी विंग, इतके पुरेसे आहे. क्रॉच स्ट्रॅप असला की हार्नेस वर चढत नाही, आणि अडीच-तीन किलोची प्लेट पाठीवर असल्यामुळे तेवढे शिसे कमरेवरून कमी होते. मी जॅकेट सोडले तेव्हापासून मागे वळून पाहिलेले नाही.

मालवणी_खारवी

सरळरेषा यांना प्रत्येक धाग्यावर हेच उत्तर देताना पाहतो. नवशिक्यांना आम्ही जॅकेटच देतो, कारण पृष्ठभागावर बोटीची वाट पाहताना ते माणसाला उभे धरून ठेवते, तर विंग पूर्ण फुगवली की चेहरा पुढे ढकलला जातो. जॅकेट वर चढत असेल तर ते मोठे आहे, इतके सरळ आहे.

सरळरेषा

चेहरा पुढे ढकलला जातो तो विंगेमुळे नव्हे, तर गरजेपेक्षा जास्त हवा भरल्यामुळे आणि सगळे वजन पाठीकडे ठेवल्यामुळे. थोडे मागे रेलून पाहा, तक्रार राहणार नाही. पूर्ण फुगलेले जॅकेट बरगड्या आवळते, त्याबद्दल मात्र आपण काही बोलत नाही.

भीमाकाठ, सोलापूर

प्रश्न साधा होता. तरीही विचारलेच आहे म्हणून लिहितो : उंची पाच फूट सात इंच, वजन ६८ किलो, जॅकेट लार्ज, सूट ३ मिलिमीटरचा, सिलिंडर ११ लिटरचा ॲल्युमिनियमचा, तारकर्लीला बांधत होतो तेवढेच म्हणजे ८ किलो शिसे, आणि तेही सगळे कमरेला. सराव बार्शी रस्त्यावरच्या नात्यातल्या विहिरीत करतो. भरलेले सिलिंडर किनाऱ्यावरून आणतो. आता तरी विंग सुचवावी.

जुना_पाणबुड्या

विहिरीचा उल्लेख पहिल्याच ओळीत हवा होता, कारण निम्मे उत्तर त्यातच आहे. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते. आपण आणि अंगावरचे सगळे सामान मिळून शंभर किलोच्या आसपास भरत असेल, तर समुद्रासाठी बांधलेल्या शिशातले सुमारे अडीच किलो विहिरीत नुसते ओझे होते. ते ओझे तोलण्यासाठी आपण जॅकेटमध्ये जादा हवा भरता, ती हवा सैल जॅकेटला घेऊन वर चढते, छातीचा भाग वर उचलते आणि कमरेचे शिसे खाली ओढते, म्हणून पाय बुडतात. कानाला लागणारे जॅकेट आणि बुडणारे पाय ही दोन दुखणी नसून एकच आहे.

शिसे किती हवे, हे डुबकीच्या शेवटी तपासावे. सिलिंडरमध्ये ५० बार (बार म्हणजे दाबाचे माप) उरलेले असताना जॅकेट पूर्ण रिकामे करून, नेहमीसारखा श्वास घेऊन रोखावा. पाणी डोळ्यांच्या पातळीवर यावे आणि श्वास सोडताच हळूहळू बुडावे. भरलेल्या सिलिंडरने हीच चाचणी केली तर फसगत होते, कारण ११ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बारला जवळजवळ २.७ किलो हवा असते, आणि ती संपत जाते तसा ॲल्युमिनियमचा सिलिंडर तरंगू लागतो. उरलेल्या शिशापैकी थोडे सिलिंडरच्या पट्ट्यावर वर चढवा आणि सिलिंडरही जरा वर बांधा. मात्र मान मागे टाकल्यावर डोके फर्स्ट स्टेजवर, म्हणजे सिलिंडरच्या तोंडाशी बसणाऱ्या दाब कमी करणाऱ्या भागावर, आपटता कामा नये.

होटगीरोडकर

पट्ट्यासाठी बाहेरून काही मागवण्याची गरज नाही. बॅगा शिवणाऱ्यांकडे दोन इंची नायलॉनचा पट्टा मिळतो, जुन्या गाडीचा सीटबेल्टही चालेल. आपल्या गावाला कापड काय नवीन आहे?

सरळरेषा

सीटबेल्ट मऊ आणि गुळगुळीत असल्यामुळे बकलमधून सरकतो, आणि डी-रिंगा (सामान अडकवायच्या कड्या) अडकवणारे खाचेचे तुकडे त्यावर जागेवर राहत नाहीत. पट्टा ताठच हवा. सोलापूरची चादर कितीही टिकाऊ असली तरी या कामाला ती विद्या उपयोगी नाही.

होटगीरोडकर

बरे, पट्टा राहू द्या. विहिरीत पाणबुडी मोटार आहे का? असेल तर मोटार नुसती बंद करून भागणार नाही, स्टार्टरचा फ्यूज काढून तो स्वतःच्या खिशात ठेवावा, कारण लाइट आल्यावर मोटार आपोआप सुरू होण्याची सोय अनेकांनी करून ठेवलेली असते. आणि काठावर दोर घेऊन माणूस बसवावा.

घाटवाट

मूळ प्रश्न हार्नेसचा आहे हे मान्य आहे, तरी एक गोष्ट कुणीच लिहीत नाही म्हणून लिहितो. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आहे, आणि ३०० मीटरच्या पुढे डुबकीचे कोष्टक (किती खोलीवर किती वेळ राहावे याचे) उंचीप्रमाणे बदलावे लागते, कारण उंचीवर हवेचा दाब कमी असतो आणि डुबकीत शरीरात विरघळलेल्या वायूचे बुडबुडे होऊ शकतात. तारकर्लीहून परतताना आंबोलीचा रस्ता धरला तर सुमारे ६९० मीटर चढावे लागते. डुबकीनंतर विमानप्रवासासाठी एका डुबकीनंतर १२ तास आणि अनेक डुबक्यांनंतर १८ तास थांबण्याची जी सूचना आहे, ती साधारण ६०० मीटरपासूनच्या उंचीला धरून आहे. त्यामुळे शेवटची डुबकी मारून ओल्या कपड्यांनी गाडीत बसण्याची पद्धत चुकीची आहे.

मालवणी_खारवी

घाटवाट यांचे म्हणणे बरोबर आहे, पण भीमाकाठ यांनी आणखी एक वाक्य लिहिले आहे आणि त्याकडे सगळ्यांचेच दुर्लक्ष झाले : "मी आपोआप वर जातो." विंगेची चर्चा त्यानंतर करावी. वर जाण्याचे कारण श्वास असू शकते. छाती भरून ठेवण्याची सवय असली की तसे होते, आणि थोडे वर गेले की जॅकेटमधली हवा फुगून आणखी वर नेते. उथळ पाण्यात हा परिणाम सर्वांत जास्त असतो, कारण दहा मीटरवरून पृष्ठभागावर येईपर्यंत तीच हवा दुप्पट जागा व्यापते. पण जॅकेट वापरलेले आहे म्हटल्यावर आधी इन्फ्लेटरवर संशय घ्यावा.

घरीच तपासता येईल. जॅकेट रिकामे करा, नळी जोडा, सिलिंडर उघडा, बटणाला हात न लावता अर्धा तास तसेच ठेवा. पिशवी फुगू लागली तर इन्फ्लेटरमधला व्हॉल्व्ह बसत नाही, बहुधा मीठ साचून किंवा झिजून. त्याच वेळी तोंडाचा रेग्युलेटरही फुसफुसत असेल तर दोष फर्स्ट स्टेजचा, म्हणजे नळीतला दाब नेहमीच्या ९ ते १० बारच्या वर चढतो आहे, आणि मग नवा इन्फ्लेटर घेऊनही काही साधणार नाही.

भीमाकाठ, सोलापूर

तपासले. पिशवी हळूहळू फुगली, रेग्युलेटर शांत होता. इन्फ्लेटर कोमट पाण्यात भिजवून पुन्हा तपासले, तरी फुगतेच. म्हणजे मी म्हणत होतो ते बरोबरच होते, नवे घ्यावे लागणार. कोणते?

जुना_पाणबुड्या

नवे जॅकेट नव्हे, नवा इन्फ्लेटर. महागडा, राखीव रेग्युलेटर आत बसवलेला प्रकार घेऊ नका. त्याची जोडणी वेगळी असते आणि आपली नळी बसणार नाही. साधा, नेहमीच्या कपलरचा (नळीच्या झटपट सुटणाऱ्या जोडाचा) घ्या, आणि तो प्रशिक्षित माणसाकडून बसवून घ्या. इन्फ्लेटरची पन्हाळीदार नळी एवढीच लांब असावी की हात डोक्यावर नेल्यावर तिचे तोंड खांद्याच्या वर जाईल; हवा सर्वांत उंच भागाकडेच धावते, त्यामुळे नळी खाली लोंबत असताना बटण दाबून काही सुटत नाही. आडवे असताना मागचा खालचा डंप व्हॉल्व्ह (हवा सोडण्याची झडप) ओढावा.

आणि बटण अडकून पिशवी फुगत सुटली तर एका हाताने कपलर मागे ओढून नळी सुटी करायची आणि दुसऱ्याने हवा सोडायची. हे डोळे मिटून जमेपर्यंत कोरड्यात करा. पुढच्या आठवड्याची डुबकी इन्फ्लेटर बदलेपर्यंत रद्द समजावी.

सरळरेषा

एवढे सगळे झाले तरी जॅकेट लार्जच आहे, हे कुणी विसरू नये. प्लेट घेतलीत तर पट्टे सूट घालूनच जुळवा : खांद्याच्या पट्ट्याखाली सपाट हात सहज गेला पाहिजे, मानेमागून हात नेल्यावर प्लेटची वरची कड बोटांना लागली पाहिजे, कमरेचे बकल क्रॉच स्ट्रॅपच्या फाशातून उजव्या हाताने सुटले पाहिजे. पट्टा बारा फुटांचा घ्या, उरलेला लगेच कापू नका. डाव्या खांद्याच्या डी-रिंगेवर इन्फ्लेटर धरून ठेवायला रबरी दोरीचा फास करा.

भीमाकाठ, सोलापूर

आभार. इन्फ्लेटर आधी मागवतो, शिसे साडेपाच किलोवर आणून चाचणी करतो. विहिरीत मोटार आहे; फ्यूज काढण्याचे भावाला सांगितले आहे. प्लेट ॲल्युमिनियमची घ्यावी की पोलादी, हे मात्र अजून कुणी सांगितलेले नाही.

मालवणी_खारवी

शिशाचा आकडा ठरल्यावर विचारा. गोड्या पाण्यात आपल्याला चारच किलो लागले, तर पोलादी प्लेटनंतर कमरेवर किलोभरच उरेल, आणि संकटात टाकून देण्याजोगे वजन जवळ असलेले बरे असते.

सरळरेषा

पोलादीच घ्या.