चार वर्षांचा मुलगा लिहायला बसवलं की रडतो, काय करावं?

नाशिकची आई

मुलगा ४ वर्षं २ महिन्यांचा आहे. जूनमध्ये ज्युनियर केजीत गेला. रोज दोन पानं लिहून न्यायची असतात, एक एबीसीडीचं आणि एक १ ते १० चं. पेन्सिल मुठीत धरतो. दोन ओळी झाल्या की हात झटकायला लागतो. परवा 'बी' काढताना इतकं दाबलं की कागद फाटला, मग वही ढकलून पलंगाखाली जाऊन बसला. डायरीत लाल शेरा आलाय, "सराव घ्या, वर्गात मागे पडतोय." आता सकाळी शाळेचे बूट काढले की पोटात दुखतं म्हणतो.

एरवी बोलण्यात कुणाला ऐकत नाही. फोडणीच्या वासावरून आज कुठली भाजी ते सांगतो. हे ट्यूशन लावू म्हणतात. काल रात्री मी त्याचा हात धरून गिरवून घेतलं, तेव्हा माझ्या मुठीत त्याची बोटं थरथरत होती. मला फार अपराधी वाटतंय. माझं काही चुकतंय का?

दोन मुलींची आई

ट्यूशन नका लावू. आम्ही मोठीला लावली होती. अक्षर सुधारलं, पण चित्रं काढणं जे सुटलं ते सुटलंच. भिंतभर चित्रं काढणारी मुलगी होती हो.

सेवानिवृत्त सेविका

ताई, मी २८ वर्षं डहाणू तालुक्यात अंगणवाडी चालवली. तुमचं लेकरू मागे पडलेलं नाही, त्याचा हात अजून तयार व्हायचाय.

जन्मतः मनगटाची आठही हाडं कूर्चेचीच असतात. ती एकेक करून, काही वर्षं घेत कडक होतात. चौथ्या वर्षी हे काम चालूच असतं. शिवाय हात आधी खांद्यात तयार होतो, मग कोपरात, मग मनगटात, आणि बोटांची पाळी सगळ्यात शेवटी. ज्याला अजून झाडावर लोंबकळायचंय त्याच्याकडून आपण बोटांच्या टोकांचं काम मागतो. म्हणून तो सगळी ताकद लावतो आणि कागद फाटतो.

माझ्याकडे एक मुलगा यायचा, खडूला हात लावायचा नाही. एकदा घरी गेले तर हा आजीशेजारी बसून पळसाच्या पानांत काडी खुपसत होता, द्रोणासाठी. अंगठा आणि दोन बोटं, अगदी पेन्सिलीची पकड! दुसऱ्या दिवशी मी त्याच्यापुढे रांगोळीची वाटी ठेवली. तासभर उठला नाही.

आमच्याच भागात बोर्डीला १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला गेलं. आदिवासी मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. साधनं म्हणजे बिया, पानं, शंख, माती. सरकारची अंगणवाडी योजना आली १९७५ साली. एवढं सगळं आपल्याच मातीत झालेलं असताना चार वर्षांच्या पोराला दुरेघी वहीत कोंडतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

महिनाभर वही बाजूला ठेवा. त्याला तुमच्याबरोबर कामाला घ्या. मटार सोलू दे, कणीक मळू दे, वाळलेल्या कपड्यांचे चिमटे काढू दे. देवाच्या वाती वळायला बसवा. कापसातली सरकी काढायची, कापूस पिंजायचा, मांडीवर वळायचा. यात बोटांना जो व्यायाम होतो तो कुठल्याच वहीत होत नाही. खडू द्यायचा तर बोटाच्या पेराएवढा तुकडा द्या, तो मुठीत धरताच येत नाही. दाराच्या मागे काळा रंग लावा आणि उभ्यानं काढू दे. आणि रात्री गोष्ट सांगा, रोज. लिहायचं तर आधी सांगायला काहीतरी हवं ना पोटात.

ऑक्युपेशनल थेरपिस्ट

सेविकाताईंशी सहमत. फक्त काही गोष्टी बघून ठेवा. मोठं बटण लावता येतं का, स्वतःच्या हातानं जेवतो का, घसरगुंडीची शिडी चढतो का, सारखा धडपडतो का? यातलंही बरंच अवघड जात असेल तर एकदा तपासून घ्या, कारण चार वर्षांनंतरही पेन्सिल फक्त मुठीतच धरत असेल तर तिकडे लक्ष द्यायला हवं. पोटदुखी रविवारी असते का, तेही लिहून ठेवा. असली तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. शाळेत बोलताना २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा आधार घ्या. त्यात ३ ते ८ वर्षं हा सलग पायाभूत टप्पा धरलाय आणि त्यात भर आहे तो खेळातून शिकण्यावर.

नाशिकची आई

तीन आठवड्यांनी लिहितेय. रविवारी पोट दुखत नाही. बटणं लावतो, शिडी चढतो.

बाईंना भेटले. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, वर्गात ३८ मुलं आहेत आणि वहीत पान भरलेलं दिसलं नाही की पालकच विचारायला येतात. मी म्हटलं, आमच्याकडून विचारणा होणार नाही, लिहून देते. दिवाळीपर्यंत त्याच्या वहीत घरचा अभ्यास नाही, असं ठरलं. वर्गातलं लिखाण मात्र चालूच आहे, त्यामुळे सोमवारी अजून रडतो.

सासूबाईंनी त्याला वाती शिकवल्या. पहिल्या दिवशी नुसते बोळे झाले. काल सात वाती झाल्या, त्यातली एक बऱ्यापैकी सरळ. सासूबाईंनी तीच संध्याकाळी निरांजनात लावली. तो समोर मांडी घालून बसला आणि विझेपर्यंत कुणाला हलू दिलं नाही. "माझी आहे," म्हणत होता.

दाराला रंग अजून लावायचाय. सेविकाताई, साधा काळा ऑइलपेंट चालेल का? त्यावर खडू उठतो ना?