मदत हवी आहे: होस्टेलमधून काढलंय, दाद कुठे मागायची?

नमस्कार मंडळी. माझा भाचा चिपळूणचा, मुंबईत एका कॉलेजच्या होस्टेलवर राहतो. एस.वाय.ला आहे. सोमवारी रात्री रूम चेकिंगमध्ये त्याच्या पलंगाखाली इलेक्ट्रिक किटली सापडली. किटली ठेवायची नाही हा नियम आहे, त्यानं प्रवेशाच्या वेळी हमीपत्रावर सहीही केली होती. चूक झाली, ती आम्हाला मान्य आहे. जुनं वायरिंग, एका खोलीत चार मुलं, नियम उगाच केलेला नाही.

पण दुसऱ्या दिवशी दारावर थेट कागद चिकटवला: तीन दिवसांत खोली रिकामी करा, अनामत रक्कम जप्त. त्याला विचारलं नाही, समितीपुढे बोलावलं नाही. आधी कधी साधी ताकीदही नव्हती. रेक्टर फोनवर म्हणाले, "निर्णय झालाय." परीक्षा पंधरा दिवसांवर. पोरगं कालपासून नीट जेवलेलं नाही, आणि माझी डोंबिवलीची जागा वन रूम किचन.

यूजीसीच्या 2023 च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी, तिनं 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, पुढे विद्यापीठाच्या लोकपालाकडे (विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या) अपील करता येतं, एवढं वाचलंय. पण तोवर पोरानं राहायचं कुठे? आधी प्राचार्यांना माफीनामा आणि दंड भरायची तयारी लिहून द्यावी, की समितीकडे अर्जही सोबतच करावा? खोली सोडण्याला स्थगिती कशी मागतात? कुणी यातून गेलं असेल तर अर्जात काय लिहिलं होतं ते प्लीज सांगा. शुक्रवारपर्यंतच मुदत आहे.