भाटी (मांजरी) केसांचे गोळे ओकालीय, एरंडेल पाजावं काय?

वडगावकर, बेळगाव
पर्शियन क्रॉस, तीन वर्षांची, वजन 4 किलो. महिन्यातून तीन-चारदा केसांचा गोळा ओकते. खाणं कोरडे दाणे, मधूनमधून बांगडा. शेजारच्या काकू चमचाभर एरंडेल पाजा म्हणून सांगालेत. पाजू काय?

खानापूर_रोड
नको. एरंडेलानं ढाळ लागतात. आणि कुठलंही तेल तोंडात ओतलं की श्वासनलिकेत उतरायची भीती असते, त्यातून न्यूमोनिया होतो. लिक्विड पॅराफिनला (पोट साफ व्हायला देतात ते पातळ खनिज तेल) तर चव नाही, वास नाही, त्यामुळं मांजर खोकतसुद्धा नाही.

खरं काम फणीचं. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडं वळलेले असतात, सुटलेला केस थुंकता येत नाही, गिळावाच लागतो. लांब केसांच्या मांजराला रोज विंचरा. आधी रुंद दातांची स्टीलची फणी, टोकाकडून मुळाकडं थोडं थोडं सोडवत. मग स्लिकर ब्रश (बारीक तारांचा), हलक्या हातानं. त्याच्या तारा आधी स्वतःच्या मनगटावर फिरवून बघा, टोचल्या तर दाब जास्त आहे. काखा, कानामागं, मांड्यांच्या मागं गुंता जास्त. तो कात्रीनं कापू नका, गाठीबरोबर कातडी वर ओढली जाते आणि कापते. न विंचरता आंघोळ घातली तर गाठी आणखी घट्ट होतात. सवय नसेल तर सुरुवातीला दोनच मिनिटं.

निपाणी_बोका
खाण्यातही बदल करा. कोरड्या दाण्यांत पाणी जेमतेम दहा टक्के, ओल्या खाण्यात पंचाहत्तरच्या आसपास. दिवसातून एक वेळ ओलं द्या. त्यात उकडलेला तांबडा भोपळा एक छोटा चमचा (मीठ, कांदा, लसूण काही नको) किंवा इसबगोल पाव छोटा चमचा, भरपूर पाण्यात भिजवून. कोरडा इसबगोल दिला तर उलट मळ घट्ट होतो. मॉल्ट पेस्ट (गिळलेले केस पुढं सरकवायला मिळणारी तयार पेस्ट) दोन-तीन सेंटीमीटर पंजाला लावली की चाटून घेतं. पेट्रोलियम जेलीवाली असेल तर जेवणापासून लांब द्या आणि महिनोन्महिने चालू ठेवू नका. चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वं अंगी लागत नाहीत.

खानापूर_रोड
एक राहिलं. आपल्याकडं पावसाळ्यात पिसवा वाढल्या की मांजर अंग चाटून चाटून केस गिळतं. विंचरताना पडलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा. तांबूस डाग उमटला तर ती पिसवांची विष्ठा. औषध मांजराचंच आणा. कुत्र्याच्या पर्मेथ्रिनच्या थेंबांनी मांजर मरतं.

कॅम्प_मनीमाऊ
आधी बघा, ओकतेय की खोकतेय. मान लांब करून जमिनीलगत बसून खोकल्यासारखं करते, बाहेर काही पडत नाही, असं वारंवार होत असेल तर दमा असू शकतो. मोबाईलवर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा. आणि महिन्याला तीन-चार गोळे हे लांब केसांच्या मानानंही जास्तच. आतड्याची सूज तपासून घ्या. उमासे येतात पण काही निघत नाही, दिवसभर खाल्लं नाही, पोट फुगलंय, संडास बंद, यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. जिभेखाली किंवा गुदद्वारातून दोरा लोंबत असेल तर ओढू नका, आतडं कापलं जातं.

वडगावकर, बेळगाव
उद्याच दाखवतो. बांगडा बंद करू काय?

निपाणी_बोका
उकडून, काटे काढून, बिनमिठाचा, आठवड्यातून एकदा चालतोय. खारा बांगडा नको.