उन्हाळ्यातली भट्टीची उष्णता जमिनीत साठवायची आहे, बोअर किती लागतील?

प्रश्न: भट्टी थंड करताना उन्हाळ्याचे पाच महिने ८५ अंशांचं पाणी मिळतं आणि ती उष्णता कूलिंग टॉवरवरून उडून जाते. त्यातली १,००० मेगावॅट-तास जमिनीत साठवून हिवाळ्यात डिस्ट्रिक्ट हीटिंगला (एका ठिकाणाहून पाइपांनी अनेक इमारतींना गरम पाणी पुरवणाऱ्या जाळ्याला) द्यायची आहे. वर चिकणमाती, खाली कठीण खडक. बोअर किती घ्यावेत? आत पाणी फिरवायला एचडीपीई (नेहमीचा प्लास्टिकचा) पाइप चालेल का?

उत्तर १: खडकाच्या एका घनमीटरमध्ये दर अंशाला साधारण ०.६ किलोवॅट-तास मावतात. साठा ३० ते ६० अंशांत खेळवला तर घनमीटरला १८, म्हणजे सुमारे ५५,००० घनमीटर जमीन हवी. बोअर ५० मीटर खोल, २.५ मीटर अंतरावर, त्रिकोणी मांडणीत घेतले तर सुमारे २०५ लागतील. मांडणी गोल ठेवा, व्यास ३८ मीटर येईल. लांबट पट्टा केलात तर कडेने उष्णता झिरपत राहते.

सहा-सहा बोअर एकामागोमाग जोडा. भरताना पाणी मध्यातून काठाकडे, काढताना उलटं. ओकोटोक्सच्या (कॅनडा) ड्रेक लँडिंग या वस्तीतले १४४ बोअर असेच जोडले होते.

एचडीपीई नकोच, ८५ अंशांवर तो लवकर ठिसूळ होतो. पीईएक्स (उष्णता सोसणारं क्रॉसलिंक्ड पॉलिथिलीन) घ्या, आणि बोअरच्या तळाशी पाइप वळून वर येतो तिथे जागेवर केलेला जोड नको. एकदा ग्राउट (पाइपाभोवती भरायचं मिश्रण) भरलं की तिथली गळती काढता येत नाही.

उत्तर २: दोन गोष्टी राहिल्या. एकूण १०,२५० मीटर बोअरमध्ये मीटरला ३० वॅट धरले तर एका वेळी ३०० किलोवॅटच सामावतात. भट्टी दिवसा जास्त देत असेल तर मध्ये बफर टाकी (जादा गरम पाणी तात्पुरतं धरून ठेवणारी) हवीच. दुसरं, खडकाच्या भेगांतून भूजल वाहत असेल तर साठा त्याबरोबर वाहून जातो. आधी एकच बोअर मारून किमान ४८ तासांची थर्मल रिस्पॉन्स चाचणी (बोअरमध्ये ठरावीक उष्णता सोडून जमिनीचा प्रतिसाद मोजणं) घ्या.

उत्तर ३: तुमच्या जाळ्यातलं परतीचं पाणी किती अंशांना येतं? खरा हिशोब तिथे आहे. स्वीडनमधल्या एमाबोडा इथे ओतशाळेची उष्णता १५० मीटर खोल १४० बोअरमध्ये साठवली, पण अपेक्षेएवढं तापमान मिळेना. शेवटी हीट पंप (कमी तापमानाची उष्णता वीज वापरून जास्त तापमानाला नेणारी यंत्रं) जोडावे लागले.

प्रश्नकर्ता: परतीचं पाणी ४८ अंश.

उत्तर ३: मग साठा ४८ च्या खाली उतरवताच येणार नाही. वापरायला १२ अंश उरतात, म्हणजे त्याच जमिनीतून १,००० ऐवजी जेमतेम ४०० मेगावॅट-तास. आधी सबस्टेशनमधले (जाळ्यातली उष्णता इमारतींना देतात त्या ठिकाणचे) उघडे राहिलेले बायपास व्हॉल्व्ह शोधा, गरम पाणी तिथूनच न वापरता परत येतं. परतीचं पाणी ३५ पर्यंत उतरलं नाही तर हीट पंप आत्ताच आराखड्यात धरा. आणि पहिली तीन-चार वर्षं भोवतालची जमीन तापवण्यातच जातात, तोवर बॉयलर काढू नका.