लास्कर बचावात काळ्यानं जिंकायचं कसं? (टोपालोव्ह–आनंद, सोफिया २०१०)

निपाणीचं_प्यादं
येत्या रविवारी निपाणीच्या बुद्धिबळ वर्गात पोरांसमोर हा डाव मांडायचाय: टोपालोव्ह पांढरा, आनंद काळा. जगज्जेतेपदाचा १२वा, शेवटचा डाव, ११ मे २०१०, त्याआधी गुण ५½–५½. ७...घोडा ई४ (म्हणजे लास्कर बचाव; टिंबं म्हणजे काळ्याची चाल, x म्हणजे मारणं) खेळलं की मारामारी होऊन पट रिकामा होतो, आणि आपल्या बेळगाव भागातली पोरं तिथंच बरोबरी मागतात. काळ्याकडे जिंकायला उरतं काय? पांढरा घसरला कुठं?

टिळकवाडीचा_उंट
उरतो तो सी८चा उंट! सुरुवातीला ई६च्या प्याद्यामागं कोंडलेला असतो, म्हणून पोरांना तो निकामी वाटतो. क्रम पक्का करून घ्या: सी६, मग सी३चा घोडा मारून डीxसी४, घोडा डी७, बी६, सी५. डीxसी४ची घाई नको. पांढऱ्याचा उंट एकदा हलला की मगच मारायचं, म्हणजे त्याची एक चाल फुकट जाते. १८...बीxसी५ नंतर सी५चं प्यादं एकटं पडतं, हे खरं. पण बदल्यात बी आणि डी पट्ट्या हत्तींना मोकळ्या मिळतात. पुढं आनंदचा उंट बी७, ए६, डी३, परत ए६, बी७ आणि शेवटी ए८वर. टोपालोव्हनं एफ३, जी३ करून राजा जी२वर नेला, म्हणजे नेमका त्याच उंटाच्या तिरक्या रेषेवर (ए८–एच१ कर्णावर).

शहापूर_६४
घसरला तो ३१व्या-३२व्या चालीला. २९...ई५ ३०.ई४ एफ५ ३१.ईxएफ५ ई४! इथं ३२.एफxई४ मारायचंच नव्हतं. ३२...वजीर xई४ शह, मागं ए८चा उंट. पोरांना पर्याय पटावर करायला लावा: राजा जी१ला गेला तर वजीर एच१ मात. राजा एफ१ला गेला तर वजीर एच१ शह, राजा ई२, आणि सी१चा वजीर फुकटात जातो. म्हणून राजा एच३, आणि ३३...हत्ती डी४. मग ३४.घोडा ई३ वजीर ई८! ही चाल जरूर थांबून दाखवा. वजीर मागं येतो, पण एच५वर नजर ठेवून. ३५.जी४ एच५ ३६.राजा एच४ जी५ शह, राजा उघडा. ५६व्या चालीला टोपालोव्हनं डाव सोडला.

निपाणीचं_प्यादं
मस्त, धन्यवाद. ५...एच६ न करता थेट घोडा ई४ चालेल का?

टिळकवाडीचा_उंट
नको. पुढं उंट डी३ आणि वजीर सी२ एका रेषेत आले की एच७चं प्यादं मार खातं. आधी एच६च.